किलोमीटर नको, ओढे सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या शनिवारच्या पुरवणीत तुम्ही पुण्याजवळच्या पावसाळी ट्रेकचं पूर्ण पान दिलंत, त्यात अंधारबनच्या चौकटीत लिहिलं होतं अंतर 13 किलोमीटर, वेळ पाच ते सहा तास, श्रेणी सोपी. ते वाचल्यापासून डोक्यातून जातच नाहीये म्हणून हे पत्र लिहायला बसले. मी कर्वेनगरला राहते, शाळेत गणित शिकवते आणि कॉलेजात असल्यापासून सह्याद्रीत फिरतेय, म्हणजे तीस वर्षं होऊन गेली. तुमच्या पेपरमधलं ट्रेकचं पान मी कापून ठेवणाऱ्यातली आहे त्यामुळे हे तक्रार म्हणून वाचू नका, पण ती चौकट वाचून यावेळी कितीतरी मुलंमुली पहिल्यांदा त्या दरीत उतरणार आहेत आणि त्यांना जी एक गोष्ट माहीत असायला हवी तीच त्यात नव्हती.

ती गोष्ट म्हणजे ओढे. दरीतल्या जंगलवाटेचा अवघडपणा चढात नसतो, अंतरात तर अजिबात नसतो, तो असतो वाट किती ओढे ओलांडते यात आणि त्यातला कुठला ओढा ओलांडला की मागे फिरणं तुमच्या हातात राहत नाही यात. किल्ल्यावर जाताना तुम्ही दमलात, घाबरलात, पाऊस वाढला तर आलात त्याच वाटेने खाली यायचं. तोरण्यावर घसारा असेल, बुरशीवाली पायरी असेल, पण वाट जागेवर राहते. अंधारबनची वाट ज्या कुंडलिका नदीच्या दरीत आहे तिथे तसं नाहीये. सकाळी साडेनऊला घोट्याएवढ्या पाण्यातून गप्पा मारत तुम्ही पलीकडे जाता आणि दुपारी दीडला तुमच्या पाठीमागे ती वाट उरलेलीच नसते.

ज्यांनी पाहिलं नाहीये त्यांच्यासाठी सांगते. चांदणी चौकातून पिरंगुट, पौड, मुळशीचं धरण उजवीकडे ठेवत निव्याला यायचं, तिथून आत पिंपरीकडे वळायचं. पिंपरीच्या तलावाच्या बाजूने वाट सुरू होते आणि थोड्याच वेळात झाडीत शिरते. नाव अंधारबन का ते आत गेल्यावर कळतं, भर दुपारी कॅमेऱ्याचा फ्लॅश पडावा इतका अंधार. जांभूळ, अंजनी, हिरडा, खाली कारवी, फांद्यांवर बोटभर शेवाळ, वरून शेकरूचा आवाज आणि कुठूनतरी शीळकरी कस्तूर, तो पक्षी माणसासारखी शीळ घालतो आणि नवीन माणूस हमखास मागे वळून बघतो. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला कुंडलिकेची दरी. मध्ये कड्यावरून येणारे ओढे वाट ओलांडून थेट दरीत पडतात. म्हणजे तुम्ही ओढा ओलांडताय असं तुम्हाला वाटतं पण खरं तर तुम्ही एका धबधब्याच्या माथ्यावरून चालताय, आणि धुक्यात ती खालची बाजू दिसत नाही. मग हिर्डी गाव लागतं, तिथे पिठलं भाकरी खायची आणि पुढे लांबलचक उतार उतरून भिऱ्याच्या धरणापाशी पोचायचं. तिथून परत पुण्याला यायला गाडी ताम्हिणी घाटातून फिरून आलेली असावी लागते, नाहीतर संध्याकाळी भिऱ्यात हातावर हात ठेवून बसायचं.

(भिऱ्याचं धरण म्हणजे तेच, जिथे 1927 पासून मुळशीचं पाणी डोंगरातून खाली सोडून वीज तयार करतात. ज्या धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि 1921 ला सेनापती बापटांनी सत्याग्रह केला त्याचं पाणी इथे उतरतं. आपल्या पूर्वेकडे जाणाऱ्या मुळेचं पाणी वीज करून पश्चिमेला कुंडलिकेत जातं, आणि पुढे कोलाडला सकाळी राफ्टिंग होतं ते याच पाण्यावर. ट्रेक संपताना हे माहीत असलं तर त्या भिंतीकडे बघण्याची नजर बदलते, एवढ्यासाठी सांगितलं.)

आता माझ्यासोबत झालेलं सांगते. 2017 चा जुलै होता. आम्ही सात जण, त्यात माझी तेव्हा अकरावीत असलेली मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी. पहिला ओढा घोट्याएवढा, दुसरा गुडघ्याच्या खाली. तिसऱ्यापाशी पोचलो तर समोर एका आयोजकाची बॅच थांबलेली, साठेक मुलं असतील, एकच दोर बांधलेला आणि लीडर बावीसतेवीस वर्षाचा एक पोरगा, चांगला होता बिचारा, घसा फुटेपर्यंत ओरडत होता. एकेकाला दोर धरून पलीकडे नेत होते. गणिताच्या बाईने हिशोब केला, एका माणसाला दीड मिनिट लागतं, साठ माणसांना दीड तास. आणि दीड तास वरून पाऊस पडतोय. आम्ही आलो तेव्हा गुडघ्याखाली असलेलं पाणी तासाभरात मांडीपर्यंत आलं, रंग बदलला, आधी काचेसारखं होतं ते चहासारखं झालं आणि दगड गडगडल्याचा आवाज यायला लागला. निम्मी बॅच पलीकडे, निम्मी अलीकडे. पलीकडच्यांकडे डबे आणि अलीकडच्यांकडे कोरडे कपडे अशी गत. लीडर पलीकडे अडकला. मग अलीकडच्या काही मुलांनी ठरवलं परत जाऊ, आम्हीही वळलो, आणि दुसऱ्या ओढ्यापाशी येऊन बघतो तर तोही भरलेला. पुढेही जाता येत नाही, मागेही जाता येत नाही, मधल्या अर्ध्या किलोमीटरच्या पट्ट्यात आम्ही पस्तीसेक माणसं, मोबाईलला रेंज नाही, आणि माझ्या मुलीची मैत्रीण इतकी कुडकुडत होती की तिला स्वतःच्या जॅकेटची चेन लावता येत नव्हती.

तेवढ्यात झाडीतून हिर्डीचे एक मामा आले, गुरांच्या मागे आले होते बहुतेक, डोक्यावर इरलं, हातात काठी. त्यांनी सगळ्यांना एकच सांगितलं, बसा. पाण्यात पाय घालू नका, बसा. पाऊस थांबला की तासाभरात ओढा उतरंल. स्वतःची घोंगडी त्या मुलीभोवती गुंडाळली, आम्ही तिला मध्ये घेऊन बाकीचे खेटून बसलो, गूळ शेंगदाणे होते ते दिले. मग मामांनी ओढ्यातल्या एका मोठ्या काळ्या धोंड्याकडे बोट दाखवलं. त्याचं फक्त डोकं दिसत होतं. म्हणाले, ह्यो धोंडा बुडाला का आमी बी जात न्हाय, आन कंबर दिसाया लागली का जायाचं. बस. तीन तास आम्ही त्या धोंड्याकडे बघत बसलो. पावणेदोनला पाऊस ओसरला, साडेतीनला धोंड्याची कंबर दिसली, चारला आम्ही ओलांडलो, रात्री आठला टॉर्चच्या उजेडात पिंपरीत. कुणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण त्या दिवशी कुणी एकाने घाई केली असती तर काय झालं असतं हे मला अजून रात्री आठवतं.

घाटमाथ्याचे ओढे असे चढतात आणि असे उतरतात, यामागचं गणित अवघड नाहीये. समजा एका ओढ्याला दोन चौरस किलोमीटर डोंगराचं पाणी येतं आणि तासाभरात 50 मिलीमीटर पाऊस पडला, तर तो होतो 10 कोटी लिटर. जुलैत जमीन आधीच भिजून गच्च असते, कातळ तर काही शोषतच नाही, म्हणजे यातलं बहुतेक सगळं त्याच एका घळीतून खाली येणार. आणि पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणून सकाळी जो माणूस आरामात उभा राहिला तोच दुपारी त्याच जागी उभा राहू शकत नाही. 25 जुलै 2024 ला सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ताम्हिणीला 556 मिलीमीटर पाऊस नोंदला गेला, आपल्या पुण्यात अख्ख्या वर्षभरात साधारण सातशे-साडेसातशे पडतो. त्याच दिवशी सिंहगड रोडला एकतानगरीत लोकांना बोटीतून बाहेर काढावं लागलं, ते पुणेकरांच्या लक्षात आहे कारण ते टीव्हीवर दिसलं. त्याच ढगाखाली दरीत काय झालं असेल याची कल्पना मात्र किलोमीटरच्या आकड्यावरून येत नाही.

आणि त्याच्या महिनाभर आधी, 30 जूनला, लोणावळ्यात भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात हडपसरच्या एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तेही अचानक वाढलेलं पाणीच होतं. माणसं मध्ये उभी होती आणि दोन्हीकडचा काठ लांब गेला. यानंतर जिल्हा प्रशासनाने धबधबे, धरणं, घाट अशा ठिकाणी बंदीचे आदेश काढले आणि आता दर पावसाळ्यात असं काही ना काही निघतंच. माझं बंदीविषयी मत स्पष्ट आहे, ऑरेंज आणि रेड अलर्टच्या दिवशी दरीतल्या वाटा बंदच पाहिजेत, त्यात वाद नको. पण महिना दोन महिने सरसकट बंद केलं की काय होतं तेही मी बघितलंय. जे नियम पाळतात ते घरी बसतात आणि बाकीचे पहाटे चारला नाका टाळून दुसऱ्या वाटेने शिरतात, त्यांची कुठे नोंद नसते, आत किती माणसं आहेत ते कुणालाच माहीत नसतं. शिवाय हिर्डीतल्या ज्या घरांमध्ये पावसाळ्याच्या आठदहा रविवारी जेवणाचे आणि वाटाड्याचे चार पैसे येतात तेवढेच बंद होतात, आणि नेमकी तीच माणसं आहेत ज्यांना धोंड्याची कंबर कळते.

कोयनेचं खोरं बघा. तिथे शिस्त आहे. महाबळेश्वरला उगम पावून नदी सह्याद्रीच्या धारेला समांतर दक्षिणेकडे जाते आणि हेळवाकला येऊन एकदम पूर्वेला वळते, त्यामुळे तिचं खोरं लांब, अरुंद आणि दोन्हीकडून डोंगरांनी बंद. 2010 पासून हा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. वासोटा किल्ल्याला जायचं म्हणजे बामणोलीला फॉरेस्टची परवानगी काढायची, शिवसागरातून, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयातून, लाँचने पलीकडे उतरायचं, किती माणसं गेली त्याची नोंद, किती प्लास्टिकच्या बाटल्या नेल्या त्याची मोजणी, आणि संध्याकाळच्या आत परत, मुक्काम नाही. पावसाळ्यात बंदच. मला ते आधी जाचक वाटायचं, आता वाटत नाही, गवे आणि अस्वलं असलेल्या जंगलात ते तसंच पाहिजे.

पण कोयनेने मला दुसरी एक गोष्ट शिकवली. धरणात आणि नंतर अभयारण्यामुळे तिथली गावं उठली, लोक दूर जाऊन वसले, आणि त्यांच्यामागे वाटा मोडल्या. वासोट्यावरून नागेश्वरला जाणारी वाट टिकून आहे कारण महाशिवरात्रीला खाली कोकणातून, चोरवण्याकडून भाविक नागेश्वराच्या गुहेत येतात, पायाखाली वाट राहते. ज्या वाटेवर कुणाची जत्रा नाही, कुणाची गुरं नाहीत ती चारपाच पावसाळ्यात कारवीने गिळून टाकलेली असते. जुन्या नकाशात ठिपक्यांची रेघ असते आणि जागेवर काही नसतं. म्हणून कुणाच्यातरी मोबाईलवरून मिळालेला तीन वर्षांपूर्वीचा जीपीएक्स ट्रॅक, म्हणजे जीपीएसवर नोंदलेली वाट, घेऊन दरीत उतरणाऱ्या मुलांची मला फार काळजी वाटते. दाट झाडीखाली आणि उंच कड्याच्या कुशीत जीपीएस तीसचाळीस मीटर इकडेतिकडे दाखवतो, कड्याच्या कडेला तीस मीटर म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. आणि ढोरवाटा! गुरांची वाट अगदी मळलेली, रुंद, छान असते आणि तुम्हाला नेऊन सोडते पाणवठ्यावर नाहीतर कड्याच्या टोकाला. आमच्याकडे सवाष्णीचा घाट, वाघजाईचा घाट अशा कोकणात उतरणाऱ्या किती जुन्या वाटा आहेत, तेलबैल्याच्या बाजूला या दोन्ही आहेत, पण खिंड नेमकी कुठे फुटते हे स्थानिक माणसाशिवाय पहिल्यांदा सापडणं मुश्कील आहे, तिथे एक नाळ, म्हणजे कड्यातली अरुंद घळ, चुकली की खाली उतरत उतरत अशा टप्प्यावर येता की पुढे शंभर फूट सरळ आणि मागे चढता येत नाही. ताम्हिणीतल्या प्लस व्हॅलीतही तेच होतं, खाली उतरणं सोपं वाटतं, ओल्या बोल्डरवरून घसरत घसरत माणूस जातो, आणि परत वर यायला दुप्पट वेळ लागतो तेव्हा अंधार पडायला आलेला असतो.

म्हणून माझी तुमच्याकडे विनंती आहे की ट्रेकच्या चौकटीत श्रेणी सोपी, मध्यम, कठीण हे लिहिणं थांबवा, निदान दरीतल्या वाटांसाठी तरी थांबवा. त्याऐवजी लिहा की वाटेत ओढे किती, त्यातले धबधब्याच्या माथ्यावरचे किती, कुठला ओढा ओलांडला की परत फिरणं धोक्याचं, रेंज कुठे जाते आणि कुठे परत येते, आणि उजेड कितीपर्यंत असतो, झाडीखाली साडेपाचलाच काही दिसेनासं होतं. जुलै आणि नोव्हेंबर हे एकाच वाटेचे दोन वेगळे ट्रेक आहेत, ते वेगळे लिहा. नवीन माणसाने ऑक्टोबर संपल्यावर जावं असं ठळक लिहा, तेव्हा पाणी असतं पण रेटा नसतो आणि जंगल तेवढंच सुंदर असतं. ओढा ओलांडायचा कसा हे एकदा अर्धं पान देऊन नीट छापा ना, कुणीच शिकवत नाही. अरुंद जागा बघून उडी मारायची नाही, पात्र पसरट असेल तिथून जायचं कारण तिथे पाणी उथळ असतं. सॅकचा कमरेचा बेल्ट सोडायचा, पडलं तर सॅक टाकून देता आली पाहिजे. तोंड वरून येणाऱ्या पाण्याकडे, हातात काठी, एक पाय रोवल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. दोर कमरेला कधीही बांधायचा नाही, दोराने अडकलेला माणूस पाण्याखाली दाबला जातो. आणि पाणी गढूळ झालं, पाला काटक्या वाहत यायला लागल्या, दगडांचा आवाज आला, तर वर ढग फुटलाय असं समजून बाहेर व्हायचं, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी.

आयोजकांविषयी तुम्ही लिहिलंच पाहिजे. राज्याने 2021 ला साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, कागद आहेत, पण रविवारी सकाळी पिंपरीत उभं राहून बघितलं तर पन्नास साठच्या बॅचेस एकामागून एक उतरताना दिसतात. साठ माणसं आणि एक दोर म्हणजे दीड तास, हे मी वर सांगितलंच. पंधराची बॅच असेल तर तोच ओढा वीस बावीस मिनिटांत ओलांडून होतो आणि पाणी चढायच्या आत सगळे एका बाजूला असतात. या एका आकड्याने जेवढे जीव वाचतील तेवढे कुठल्या हेल्मेटने वाचणार नाहीत. अडकल्यावर धावून जाणारी शिवदुर्ग मित्रसारखी रेस्क्यूची मुलं नोकरीधंदा सोडून, स्वतःचं पेट्रोल घालून रात्री दरीत उतरतात, त्यांचा फोटो तुम्ही छापता ते चांगलंच आहे, पण त्यांना तिथे जायची वेळ येऊ नये असंही काही छापा.

आणि एक शेवटचं, हे वनखात्याच्या लोकांनी वाचावं म्हणून मुद्दाम लिहितेय. ताम्हिणी 2013 पासून अभयारण्य आहे, आत जाणाऱ्याकडून तिकीट घेतलं जातं, म्हणजे माणूस आत जातोय हे मान्य आहे. मग प्रत्येक ओढ्यावरचा असा धोंडा गावातल्या माणसांना विचारून शोधा आणि त्यावर एक पट्टा रंगवा, पट्टा पाण्याखाली गेला की ओलांडायचं नाही. सकाळी सात वाजता हिर्डी आणि पिंपरीतला एकेक माणूस, त्याला रोजचा मेहनताना देऊन, धोंडे बघेल आणि तिकिटाच्या टपरीवर फळ्यावर खडूने लिहील आज चालू की बंद. दुपारी बारा नंतर आत सोडायचं नाही. याला कुठलं मशीन लागत नाही आणि निर्णय त्यांच्या हातात राहतो जे रोज ते पाणी बघतात. ते मामा आता थकलेत, मागच्या डिसेंबरला गेले होते तेव्हा भेटले, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे असे धोंडे तीन आहेत आणि मधला सगळ्यात खरं बोलतो. परवानगी मिळाली तर ते तीन धोंडे दाखवायला त्यांचा नातू तयार आहे, रंगाचे डबे मी घेऊन जाईन, जून लागायच्या आत हे झालं तर बरं.

कळावे,
आपली एक वाचक
कर्वेनगर, पुणे